रवानगीपूर्वीची रात्र आणि छावणीतला पाद्री

७ मे २०२५ रोजी संध्याकाळी जबलपुरात काही मिनिटे दिवे मालवले गेले. त्याच दिवशी पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले होते आणि नागरी संरक्षणाच्या सरावासाठी निवडलेल्या शहरांत जबलपूरही होते. चेरीताल या आमच्या जुन्या वस्तीतल्या गच्चीवर त्या वेळी माझ्याजवळ एक पाहुणे बसले होते. भूदलात पाद्री म्हणून सेवा करून निवृत्त झालेले आणि आता आपल्या धर्मप्रांताच्या कामाला परतलेले हे कॅथलिक धर्मगुरू. अंधारात काही वेळ कोणीच बोलले नाही. मग ते म्हणाले, “साहेब, आता कुठल्या तरी छावणीत फॉर्म भरले जात असतील.”

“कसले फॉर्म, फादर?”

“वारसाचे. नाव आईचे घालायचे की बायकोचे, एवढ्या एका प्रश्नासाठी रात्री अकरा वाजता माझ्या दारावर थाप पडायची.”

सैन्यातील धर्मगुरू म्हटला की रणभूमीवर मरणोन्मुख सैनिकाशेजारी गुडघे टेकलेली आकृती आपल्या डोळ्यांपुढे येते. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. धर्मगुरूचे खरे काम त्याआधी, छावणीत, पलटण निघण्यापूर्वीच्या दिवसांत होते. ते दिसत नाही, त्याची नोंद राहत नाही आणि म्हणूनच धोरणाच्या चर्चेत त्याला जागा मिळत नाही.

भारतीय भूदलात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू हे सारे ‘धर्मशिक्षक’ या एकाच संवर्गात येतात. ब्रिटिश किंवा अमेरिकी सैन्यातील धर्मगुरू हा अधिकारी असतो. आपला धर्मशिक्षक नायब सुभेदार म्हणून भरती होतो, म्हणजे तो ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी, जेसीओ असतो. पाद्रीपदाच्या उमेदवाराला अधिकृत धर्मसत्तेकडून दीक्षा मिळालेली असावी लागते आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत त्याचे नाव असावे लागते. त्याचबरोबर सोळाशे मीटर अंतर आठ मिनिटांत धावूनही दाखवावे लागते. पुढचे प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. तिथे पाद्री, पंडित आणि मौलवी एकाच आवारात शिकतात व एकमेकांचे सण जवळून पाहतात.

भरतीच्या जाहिरातीत त्याची कर्तव्ये नमूद असतात: अंत्यविधीला हजर राहणे, रुग्णालयातील आजाऱ्यांची विचारपूस करणे, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणे, शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांना भेटणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, पलटणीच्या धर्मस्थळाची देखभाल करणे. रवानगीपूर्वीच्या रात्रीचा उल्लेख या यादीत नाही.

ती रात्र कशी असते, हे मी फादरांना विचारले. त्यांचे उत्तर अगदी साधे होते. सकाळी मिस्सा, तिला नेहमीपेक्षा दुप्पट माणसे. दिवसभर सामान बांधणे, त्यात त्यांची स्वतःची छोटी पेटी: मिस्सेचा पेला, थोडी द्राक्षमदिरा, भाकर, प्रार्थनापुस्तक. संध्याकाळपासून पापनिवेदनाला येणारे जवान. “पापे फारशी नसतात हो. भावाशी जमिनीवरून बोलणे बंद आहे, बहिणीच्या लग्नाचे कर्ज राहिले आहे, बायकोला रागाने फोन ठेवला आणि आता संपर्क तोडला आहे. माणसाला मरणापेक्षा अर्धवट राहिलेल्या गोष्टींचे भय अधिक असते.” त्यांच्याकडे केवळ ख्रिस्ती जवान येत नसत. पंडितजी रजेवर असले की हिंदू जवानही त्यांच्याकडे येऊन बसत, आणि त्यांची माणसे पंडितजींकडे जात.

हे काम एकाच भांडवलावर चालते, ते म्हणजे विश्वास. समोरचा माणूस आपले बोलणे वर पोहोचवणार नाही आणि आपल्या दुबळ्या क्षणी आपल्याला स्वतःच्या धर्मात ओढणार नाही, या दोन खात्र्या जवानाला हव्या असतात.

दुसऱ्या खात्रीची किंमत जबलपूरने मोजलेली आहे. १८५७ मध्ये गोंड राजा शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांच्यावर कंपनी सरकारने राजद्रोहाचा ठपका ठेवला. पुराव्यात देवीला उद्देशून लिहिलेली एक प्रार्थना होती. १८ सप्टेंबरला दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले आणि त्याच रात्री छावणीतील बावन्नावी बंगाल पायदळ पलटण उठून निघून गेली. त्याच वर्षी बराकपूरला चौतिसाव्या पलटणीचे कर्नल व्हीलर शिपायांत उघडपणे ख्रिस्ती धर्माचा प्रचार करीत असल्याचा गवगवा झाला होता. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन आले, त्यामागे हा अनुभव होता. ज्याचा जो धर्म, त्याला त्याच धर्माचा शिक्षक, ही आजची व्यवस्था त्या धड्याशी सुसंगत आहे.

कॅथलिक पाद्रीच्या परंपरेतही या विश्वासाची उदाहरणे आहेत. ८ मे १९१५ च्या संध्याकाळी फ्रान्समध्ये रॉयल मन्स्टर फ्युझिलिअर्सची दुसरी पलटण मोर्चाकडे निघाली असता फादर फ्रान्सिस ग्लीसन यांनी रस्त्यालगतच्या एका देवळीपाशी तिला थांबवले आणि सर्वांना सामुदायिक क्षमादान दिले. मृत्यू समोर असताना आणि एकेकाचे पापनिवेदन ऐकण्यास वेळ नसताना चर्चचे कायदे अशी मुभा देतात. दुसऱ्या दिवशी ऑबर्स रिजच्या लढाईत त्या पलटणीची भीषण हानी झाली. फॉर्च्युनिनो मातानिया यांच्या चित्रामुळे तो प्रसंग अजरामर झाला. ही पलटण मूळची कंपनी सरकारच्या बंगाल सैन्यातील गोऱ्या तुकडीतून घडलेली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दुसरे उदाहरण भारतातलेच. १९२० मध्ये आयर्लंडमधील दडपशाहीच्या निषेधार्थ कनॉट रेंजर्सच्या जवानांनी जालंधर व सोलनच्या छावण्यांत बंड केले. सोलनला कॅथलिक पाद्री फादर बेकर यांच्या सांगण्यावरून बंडखोरांनी बंदुका शस्त्रागारात जमा केल्या. पुढे रात्री त्या परत मिळवण्याच्या प्रयत्नात दोन जवान मारले गेले आणि त्यांचा म्होरक्या जेम्स डेली याला २ नोव्हेंबर रोजी डगशाईला गोळ्या घालण्यात आल्या. अधिकाऱ्यांचा हुकूम जिथे चालत नव्हता, तिथे पाद्रीचा शब्द काही तास तरी चालला.

आता पहिल्या खात्रीकडे, म्हणजे गुप्ततेकडे वळू. चर्चच्या कायद्यानुसार पापनिवेदनातील गुपित कोणत्याही कारणासाठी फोडता येत नाही. भारताचा कायदा मात्र हे बंधन ओळखत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात पती-पत्नीतील संवादाला आणि वकील-अशिलातील संवादाला संरक्षण होते, धर्मगुरूपुढील निवेदनाला नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही स्थिती बदललेली नाही. अमेरिकेच्या लष्करी पुरावा नियमांत मात्र धर्मगुरूशी झालेल्या संवादाला स्वतंत्र संरक्षण आहे. आपला पाद्री जेसीओ असल्यामुळे १९५० च्या लष्कर कायद्याच्या शिस्तीखाली येतो. उद्या चौकशीत त्याला प्रश्न विचारला गेला, तर चर्चची आज्ञा आणि राज्याची आज्ञा यांत त्याने काय निवडावे?

यावर एक रास्त आक्षेप आहे. भरलेली बंदूक हाती असलेला जवान ‘मी स्वतःचे बरेवाईट करीन’ असे म्हणाला तर गुप्तता कशी पाळायची? हा प्रश्न मी फादरांपुढे ठेवला. ते म्हणाले, “मी कोणाचे नाव कधी वर सांगितले नाही. पण त्याचा हात धरून डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो आहे. आत जाऊन त्यानेच सांगितले.” पापनिवेदन आणि समुपदेशन यांतील रेषा अनुभवी माणूस अशी सांभाळतो. पण एका माणसाच्या अनुभवावर व्यवस्था उभी राहत नाही. तिला लिखित नियम लागतो.

गेल्या वर्षी या विषयाला आणखी एक पैलू लाभला. पलटणीच्या धर्मस्थळाच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये कायम ठेवली. न्यायालयांनी लष्करी शिस्तीला प्राधान्य दिले. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. पण श्रद्धा हा छावणीत शिस्तीचा भाग असेल, तर शिस्तीचे भय न बाळगता श्रद्धेविषयी बोलता येईल अशी एक जागाही तिथे असलीच पाहिजे.

माझ्या मते तीन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, सर्व धर्मांच्या धर्मशिक्षकांसाठी गुप्ततेचा लिखित नियम करावा. जीविताला तात्काळ धोका असल्यास समुपदेशकाने काय करावे, हेही त्यात असावे आणि पापनिवेदन त्यातून स्पष्टपणे वगळावे. दुसरी, १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार सैन्याशी संलग्न धर्मगुरूला सर्व परिस्थितीत संरक्षण आहे. शत्रूच्या हाती पडला तरी तो युद्धकैदी ठरत नाही. या कराराला आपण १९६० च्या अधिनियमाने देशाच्या कायद्यात स्थान दिले आहे. तेव्हा जेसीओच्या गणवेशातील आपला धर्मशिक्षक या संरक्षणास निःसंशय पात्र ठरावा, यासाठी त्याचे ओळखपत्र आणि त्याच्यावर सोपवली जाणारी कामे दोन्ही तपासली जावीत. तिसरी, ज्या पलटणीत एखाद्या धर्माचे मोजकेच जवान आहेत, तिथे रवानगीपूर्वी स्थानिक धर्मगुरूला बोलावण्याची ठरलेली पद्धत असावी. ग्रेनेडिअर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रे असलेल्या जबलपुरात चर्चही आहे आणि बिशपही आहेत. इथे हे अवघड नाही.

यातल्या कशालाही मोठा खर्च येत नाही. ज्या रात्री सैनिक स्वतःच्या मृत्यूचा कागद भरतो, त्या रात्रीची जबाबदारी केवळ त्या कागदापुरती नाही, एवढे राज्याने मान्य केले म्हणजे पुरे.

दिवे परत लागले तेव्हा मी फादरांना विचारले, “आईचे की बायकोचे, या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देत होता?”

“उत्तर देत नव्हतो,” ते म्हणाले. “दोघींनाही पत्र लिहायला सांगत होतो. लिहून झाले की नाव कोणाचे घालायचे, ते त्याला समजलेले असायचे.”