नटगायक, मराठी : कौटुंबिक जीवन

संगीत नाटकात भूमिका करून त्यातील पदेही स्वतः गाणाऱ्या नटास नटगायक म्हणतात. किर्लोस्कर नाटक मंडळीने १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यानंतर मराठी समाजात हा वर्ग उदयास आला. स्त्रियांच्या भूमिका दीर्घकाळ पुरुषच करीत. या व्यवसायाचा कुटुंबजीवनावर, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या आयुष्यावर, खोल परिणाम झाला.

नाटक मंडळी हे एक फिरते बिऱ्हाडच असे. पडदे, कपडेपट व वाद्ये यांसह मंडळी गावोगावी मुक्काम करी. रेल्वेमुळे हे दौरे सुकर झाले. खानदेशात मुख्य लोहमार्गावरील जळगाव व चाळीसगावहून निघणाऱ्या फाट्याने जोडलेले धुळे या कापसाच्या पेठांपर्यंत नाटकाचा प्रेक्षक पसरला होता. नट वर्षातील बराच काळ मंडळीबरोबर राहत असल्याने संसाराचा भार घरातील स्त्रियांवर पडे.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचे जीवन या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यांचे बालपणीचे काही शिक्षण जळगाव येथे नातलगांकडे झाले आणि तेथेच मेहबूबखाँ यांच्याकडून त्यांना गायनाचे प्रारंभिक धडे मिळाले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृ. प्र. खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांच्या कन्येचे निधन झाले. तरीही प्रयोग न थांबवता त्यांनी भामिनीची भूमिका केली. या घटनेचा उल्लेख कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी होतो. मात्र त्याच दिवशी अपत्य गमावलेल्या लक्ष्मीबाईंविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. पती रंगभूमीवर कुलीन स्त्रीचा आदर्श उभा करीत असता पत्नीचे जीवन अप्रकाशितच राहिले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव आणि तिचे कर्ज या दोहोंच्या झळा घरापर्यंत पोहोचल्या. १९४० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले.

१९३७-३८ च्या सुमारास गायिका गोहरबाई कर्नाटकी (१९१०–६४) मंडळीत आल्या. बालगंधर्वांची गायनशैली त्यांनी आत्मसात केली होती. १९५१ मध्ये दोघांचा विवाह झाला. भिन्न धर्म आणि गायिकेच्या व्यवसायाविषयीचे पूर्वग्रह यांमुळे अनेक चाहत्यांना हा संबंध रुचला नाही. बालगंधर्वांच्या उतारवयातील हलाखीचा दोषही काहींनी गोहरबाईंच्या माथी मारला. वस्तुतः पायांनी अधू झालेल्या पतीची शुश्रूषा त्यांनीच केली. स्त्रीवेषातील पुरुषाला डोक्यावर घेणाऱ्या समाजाने प्रत्यक्ष स्त्री-कलावंताला गृहिणी म्हणून सहज स्वीकारले नाही, हे यातून स्पष्ट होते.

याहून निराळे सहजीवन संगीतकार केशवराव भोळे (१८९६–१९७७) व ज्योत्स्ना भोळे (१९१४–२००१) यांचे होते. मूळच्या गोव्यातील दुर्गा केळेकर यांच्याशी केशवरावांनी १९३२ मध्ये विवाह केला. पुढील वर्षी नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्नाबाईंनी भूमिका केली व केशवरावांनी त्याचे संगीत दिले. येथे विवाहामुळे पत्नीची कला खुंटली नाही. मो. ग. रांगणेकर यांच्या 'कुलवधू' (१९४२) नाटकात तर नटीचा व्यवसाय करणारी पत्नी आणि तिच्या कीर्तीने अस्वस्थ होणारा पती हाच नाट्यविषय झाला व त्यातील नायिका ज्योत्स्नाबाईंनी साकारली. पूर्वी पडद्याआड राहिलेला प्रश्न अशा रीतीने रंगमंचावर आला.

जळगाव येथील खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचे नाव देण्यात आले असून त्यांच्या नावाने तेथे संगीत महोत्सवही भरतो. मात्र नटगायकांचा इतिहास त्यांच्या सहधर्मचारिणींच्या नोंदीवाचून अपुराच राहतो.