गळती पुसून थांबत नाही!

ज्याच्या हाती पिकअपचे स्टेअरिंग, त्याच्याच हाती घरातली चूल, हे भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावात वेगळे सांगावे लागत नाही. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज रेल्वे भिवापूरवरून धावत होती. ती २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली आणि गाठोडे घेऊन रेल्वेत बसणारा माणूसही रस्त्यावर आला. आमच्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नाव झाले. परंतु शेतातून नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत ती पोहोचते ती कुणाच्या तरी हप्त्यावर घेतलेल्या डिझेल पिकअपमधून. या पिकअपचे इंजिन ऑइल गाळू लागले की केवळ ऑइल जात नाही. हप्ता जातो, पोरांची फी जाते, व्यापाऱ्याजवळची पत जाते. म्हणून आज कायद्याच्या कलमांआधी आम्ही इंजिनाविषयी लिहीत आहोत.

मागील हिवाळ्यात ऐन मिरचीच्या हंगामात एक तरुण आमच्याकडे आला. "वकीलसाहेब, गॅरेजवाल्यावर केस टाकाची हाय जी. दोनदा पैसे देल्ले, तरी गाडी ऑइल फेकूनच राह्यली!" एवढे बोलून तो खाली बसला. हकिकत अशी होती. इंजिनाच्या पुढच्या बाजूने ऑइल गळत होते. एका गॅरेजने 'ऑइल पंपाचे लिकेज' सांगून सील बदलले. महिनाभरात गळती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या खेपेस 'पंपच नवा टाकला' असे सांगून चौपट पैसे घेतले. पंधरा दिवसांनी मिरचीची पोती भरून कळमन्याला निघालेल्या गाडीचा ऑइलचा लाल दिवा उमरेडच्या अलीकडे लागला. पोराने तिथेच इंजिन बंद केले. माल दुसऱ्याच्या गाडीत चढवला, वरून भाडे दिले आणि स्वतःची गाडी दोरखंडाने ओढत परत आणली. त्या दिवशी त्याचे भाडे बुडाले, पण इंजिन वाचले. तो लाल दिवा बघून 'थोडे दूर तर जायचे आहे' म्हणणारे कितीतरी जण क्रँक आणि बेअरिंगचा खर्च आजही फेडत आहेत!

आम्ही त्याला विचारले, बिल आहे का? नाही. पैसे कसे दिले? रोख. जुना पंप परत मागितला होता का? नाही. ऑइलची पट्टी शेवटची कधी बघितली? तो मान खाली घालून बसला. त्याच्या गाडीच्या बंपरला मात्र दर शनिवारी ताजे लिंबू आणि मिरच्या लटकत होत्या. दोन महिन्यांत पट्टी एकदाही बाहेर निघाली नव्हती, पण लिंबू-मिरचीचा खाडा पडला नव्हता. मिरची बंपरला बांधली काय किंवा भाजीत टाकली काय, रबराच्या सीलला त्याचे काय? कारणाशिवाय कार्य घडत नाही. गळतीला कारण असते आणि ते शोधावे लागते.

ते कारण शोधायला आम्ही त्याला भिवापुरातल्याच एका वयस्क मिस्त्रीकडे घेऊन गेलो. मिस्त्रीने आधी पान्याला हातच लावला नाही. डिझेल आणि ब्रशने सगळे इंजिन धुऊन काढले, कोरडे पुसले, पुढच्या भागावर खडूची पूड मारली आणि इंजिन चालू करून, फिरत्या पंख्यापासून हात दूर ठेवून, बॅटरीच्या उजेडात बघत बसला. ऑइल वरून खाली येते आणि पंख्याच्या हवेने मागे फेकले जाते. त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथेच गळती आहे असे समजणे ही पहिली चूक. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक, ब्रेकसाठी अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या व्हॅक्यूम पंपाची ऑइलची नळी, यांतले काहीही फुटले की खापर ऑइल पंपावर फुटते. काही इंजिनांत तर ऑइल पंप खालच्या चेंबरच्या आत असतो. तो गळला तरी ऑइल चेंबरमध्येच पडेल, रस्त्यावर कसे येईल? अशा गाडीला 'पंप लिक आहे' सांगणारा माणूस एकतर अज्ञानी असतो किंवा लबाड.

या गाडीचा पंप मात्र इंजिनाच्या पुढे, क्रँकच्या टोकावर बसणारा होता. खडूच्या पुडीवर ओली रेघ उमटली ती पंपाची बॉडी आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्या जोडावर, आणि दुसरी पुलीमागच्या सीलखाली. मिस्त्रीने नंतर ब्रीदरची नळी काढून दाखवली. ती काळ्या गाळाने जवळजवळ बुजली होती. खरे दुखणे इथे होते. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू खाली उतरतोच. त्याला बाहेर जायला ब्रीदर असतो. ब्रीदर बुजला की आत दाब वाढतो आणि तो दाब जिथे कच्ची जागा सापडेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला दहा सील बदला, अकरावेही गळेल! ब्रीदर साफ करूनही धूर आणि दाब कमी झाला नसता तर रिंगा झिजल्या असे समजून पुढच्या कामाचा विचार करावा लागला असता. सुदैवाने तसे निघाले नाही.

पुढचे काम धीराचे होते. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता खाली लाकडी ठोकळे लावले. ऑइल काढले. पट्टे आणि पुली काढून पंप खोलला. आधीच्या गॅरेजने जोडाला सिलिकॉन थापले होते. बाहेर दिसते तेवढेच सिलिकॉन आतही दबते, त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात आणि पंपाची उपासमार होते. म्हणून चेंबर काढून जाळीही धुतली. जोडाच्या दोन्ही बाजू ओरखडा न पडू देता साफ केल्या, कारण पेचकसाने ओढलेली एक रेघ ही पुढच्या गळतीची वाट असते. पुलीवर सील घासते त्या जागी नखाला खाच लागते का तेही पाहिले. खोल खाच असती तर नवे सीलही टिकले नसते. सीलच्या ओठाला ऑइल लावून ते सरळ बसवले, नवे पॅकिंग टाकले, बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे करत टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाइतके आवळले. पंप बसवण्याआधी त्यात स्वच्छ ऑइल भरले. शेवटी नवीन ऑइल टाकून, डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडाथोडा फिरवला. लाल दिवा विझला, मगच इंजिन चालू केले. कोरड्या पंपावर इंजिन सुरू करणे म्हणजे बेअरिंगला फासावर देणे, असे मिस्त्री म्हणाला.

एक गोष्ट त्याने आम्हालाही समजावली. गळती आणि प्रेशर कमी होणे, हे दोन वेगळे रोग आहेत. बाहेर गळणाऱ्या इंजिनाचे प्रेशर ऑइलची पातळी जाळीखाली जाईपर्यंत बरोबर राहू शकते. उलट पट्टीवर ऑइल पूर्ण असून दिवा लागत असेल तर झिजलेला पंप, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह, बुजलेली जाळी, झिजलेले बेअरिंग किंवा नुसता खराब स्विच, यांतले काहीही असू शकते. ते गेज लावून ठरवायचे असते, अंदाजाने नाही.

पंप खोलल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. तो नवा नव्हताच; वर्षानुवर्षांच्या कामाने झिजून काळा पडलेला जुनाच पंप होता. आता कायद्याकडे वळू. तरुणाची तक्रार खरी होती. तो 'ग्राहक' होता का? होता. माल वाहून पैसे मिळवतो म्हणून तो व्यापारी ठरतो, असे गॅरेजवाले आणि विक्रेते दडपून सांगतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात स्पष्ट केले आहे की, पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला ट्रक किंवा ऑटोरिक्षा घेणारा माणूस ग्राहकच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगाराला हे संरक्षण कायम आहे. बिल न देणे हीच या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीची फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.

हक्क एवढे असूनही आम्ही त्याची केस दाखल केली नाही. काम त्याच गॅरेजमध्ये झाले, पंपाचे पैसे घेतले, हे सिद्ध कशाने करणार? ना बिल, ना जॉब कार्ड, ना पैसे दिल्याची नोंद. सत्य त्याच्या बाजूने होते, पुरावा नव्हता. वकिलीच्या इतक्या वर्षांत गरिबाला 'तुझे खरे आहे, पण कागद नाही' असे सांगण्याइतके कठीण काम आम्हाला दुसरे वाटले नाही. तो काहीच बोलला नाही. हातातली चावी फिरवत उठून गेला.

तेव्हा स्टेअरिंगवर बसणाऱ्या प्रत्येक भावाला आमचे सांगणे आहे. सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागेवर, ऑइलची पट्टी बघा. लाल दिवा लागला की जागीच थांबा. गळती दिसली तर ती कुठून येते ते दाखवल्याशिवाय पान्याला हात लावू देऊ नका. बदललेला जुना भाग परत मागा. बिल मागा, 'बिल घेतले तर जास्त लागतील' म्हणाला तरी मागा. मोबाईलने पैसे द्या म्हणजे नोंद राहील.

तो तरुण आजही मिरची घेऊन कळमन्याला जातो. बंपरवर लिंबू नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे. तिच्यात तारीख, किलोमीटर आणि ऑइलचे माप लिहिलेले असते, आणि पानांत मिस्त्रीचे बिल घडी करून ठेवलेले असते.