लिंबू वरणात, तेल अंगावर!

‘चेहऱ्याला काय लावू?’ हा प्रश्न घरात पडला की आत्या, मावशी, शेजारच्या काकू आणि आता मोबाइलवरची रील्स, सगळीकडून उत्तरं येतात. हळद लाव, लिंबू चोळ, दही थाप, बेसन फास. सामान चांगलंच आहे हो, पण त्यातलं लावायचं काय आणि खायचं काय, इथे गल्लत होते. मोठ्या माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते. तिचा वरचा थर महिना-सव्वा महिन्यात नवा होतो आणि त्यासाठी लागणारा माल येतो जेवणाच्या ताटातून. म्हणून ही चटपटीत सफर स्वयंपाकघरातूनच!

हळदीने जिंकलेला खटला

जखमेवर हळद लावायची हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरीही १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला नेमकं याचंच पेटंट मिळालं! तेव्हा ‘सीएसआयआर’ या भारताच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. संस्थेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्यादाखल मांडले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. तेल आणि मिरीची सोबत असली तर मात्र बरंच जास्त उतरतं. म्हणजे फोडणीतली हळद मुळीच वाया जात नाही. आणि लेपाने गाल पिवळे झालेच तर घाबरू नका, चार-दोनदा तोंड धुतलं की रंग उतरतो. कपड्यावरचा डागही धुऊन उन्हात टाकला की फिका पडतो, कारण हा रंग उन्हात टिकत नाही.

लिंबू अधिक ऊन, बरोबर डाग

त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण पाच. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास. पीएचमधला एकेक अंक दहापटीचा असतो, म्हणजे लिंबू त्वचेच्या जवळजवळ हजारपट आंबट! त्यात भर म्हणजे लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन नावाची रसायनं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते, कधी फोड येतात आणि मागे राहिलेला काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. समुद्रकिनारी उन्हात बसून पेयात लिंबू पिळणाऱ्यांना हा त्रास इतक्या वेळा होतो की डॉक्टरांनी त्याला ‘मार्गारिटा’ या कॉकटेलचंच नाव देऊन टाकलंय. गोव्याला निघालेल्यांनी ध्यानात ठेवावं. गोरं व्हायला लावलेलं लिंबू काळं करून जातं! खाण्याचा सोडाही चोळू नका, तो दुसऱ्या टोकाचा, अल्कधर्मी.

मग लिंबाचं करायचं काय? कांदेपोह्यांवर पिळा. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे पोह्यांमधलं लोह अंगी लागतं.

संत्र्यापुढे पेरू

त्वचेला ताण देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजेन. ते नीट विणायला ‘क’ जीवनसत्त्व लागतंच. ते मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो. हिरड्यांतून रक्त येतं, भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने आजारी खलाशांना वेगवेगळे पदार्थ देऊन पाहिले, तर संत्री-लिंबं खाणारे सर्वांत आधी उठून बसले. पण संत्र्याचा तोरा पुरे. १०० ग्रॅम संत्र्यात ४०-५० मिलिग्रॅम ‘क’ असतं, तर तेवढ्याच पेरूत २०० च्या वर! आवळा तर त्याच्याही पुढे. हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, तेव्हा पेरू कच्चाच, तिखट-मीठ लावून खावा.

भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी हवीच

नायासिन हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व कमी पडलं की पेलाग्रा होतो. ऊन लागतं तिथली त्वचा काळवंडते, खवले धरते आणि गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी दख्खनच्या गरीब वस्त्यांत जवळपास नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांमध्ये हा रोग अभ्यासला. ज्वारी वाईट नाही, एकटी ज्वारी वाईट. शेंगदाण्यात नायासिन भरपूर असतं. त्यामुळे भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण आणि पालेभाजी हे आपलं साधं ताट त्वचेच्या दृष्टीनेही पक्कं.

चरबी बंद, कातडी खरखरीत

१९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना अजिबात चरबी नसलेलं खाणं दिलं. उंदरांच्या त्वचेला खवले आले, शेपट्यांचीही दुर्दशा झाली. काही स्निग्धाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खावीच लागतात, हे तेव्हा कळलं. डाएटच्या नावाखाली तेलाचा थेंबही न खाणाऱ्यांनी वाचावं असा हा प्रयोग आहे. आपल्याकडे उपाय स्वस्त आहे. शाकाहाऱ्यांनी जवसाची चटणी खावी, मासे खाणाऱ्यांनी बांगडा.

कोकणचा लिपबाम

कोकमाच्या बियांतून निघणारं तेल एरवी घट्ट गोळ्यासारखं राहतं आणि अंगावर चोळलं की विरघळतं. भेगाळलेल्या टाचा आणि फुटलेले ओठ यांवर कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या लावतात.

अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायची पद्धतही घरोघरी आहे. थंड पाण्याने खाज शमते हे खरं. पण गंमत अशी की पित्ताची एकेक गांधी बहुतेक वेळा २४ तासांत आपोआपच विरते, श्रेय मात्र आमसूल घेऊन जातं! ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर आमसूल राहू द्या, थेट दवाखाना गाठा.

आधी तेल, मग उटणं

दिवाळीच्या पहाटेचा हा क्रम अगदी शहाणपणाचा आहे. तेल मुरल्यावर वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांची पूड चोळली की जादा तेल आणि मळ निघतो, पण त्वचा कोरडी पडत नाही. मात्र रोज घासायची गरज नाही. खोबरेल हातापायांना छान, पण मुरमांच्या चेहऱ्यावर ते रंध्रं बुजवतं. मोहरीचं तेल काही तान्ह्या बाळांच्या नाजूक त्वचेला झोंबतं. आणि आंघोळीनंतर तेल किंवा क्रीम लावायचं ते अंग ओलसर असतानाच, म्हणजे ओलावा आत राहतो.

टोमॅटोचं सार आणि पुणेरी स्कार्फ

जर्मनीत २००१ मध्ये काही जणांना दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटोची घट्ट पेस्ट ऑलिव्ह तेलासह खायला दिली. ती न खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची त्वचा अतिनील किरणांनी ४० टक्के कमी लाल झाली. श्रेय टोमॅटोतल्या लायकोपिन या रंगद्रव्याचं. शिजवलेल्या टोमॅटोतून, तेला-तुपासोबत, ते जास्त मिळतं. तरीही सार पिऊन भर दुपारी हिंडू नका! उन्हावर खरा घरगुती उपाय पुण्यातल्या मुलींनी केव्हाच शोधलाय, तो म्हणजे चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ. कापड जितकं गडद आणि घट्ट विणीचं, तितकं ऊन कमी पोचतं.

झटपट चार

• तळहात पिवळे, पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच? मग बहुधा कावीळ नाही, गाजरं जास्त झाली.

• कोरफड कापल्यावर निथळणारा पिवळा चीक झोंबतो. तो धुऊन आतला पारदर्शक गरच घ्यावा.

• पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावर संशोधकांनी १२०० जणांना तपासलं, एकालाही मुरूम नाही. खाणं कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ. साखर-मैदा जवळपास नाहीच.

• भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. २० मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी, एवढंच.

‘नैसर्गिक’ आहे म्हणून निर्धोक आहे असं नसतं, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. कुठलाही नवा लेप चेहऱ्यावर थापण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर तो लेप तुमच्यासाठी नाही. आणि एखादी जखम भरत नसेल, तीळ आकार किंवा रंग बदलत असेल, तर डबे उघडत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.