घुमटाखालील मुंबई : वरळीचे सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृह

मुंबई शहराच्या सार्वजनिक जीवनाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने मैदानांकडे जाते. आझाद मैदान, शिवाजी पार्क, परळचे कामगार मैदान, गिरगाव चौपाटी ही नावे शहराच्या राजकीय व क्रीडाविषयक इतिहासात वारंवार येतात. त्या मानाने छपराखालील मोठ्या जागांचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः ज्या शहरात वर्षातील चार महिने पाऊस कोसळतो, तेथे हजारो माणसांना सामावून घेणारे छप्पर ही चैनीची बाब मानता येत नाही. वरळी येथील सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृह, म्हणजेच आज ‘डोम’ या नावाने परिचित असलेली वास्तू, या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

बंदिस्त क्रीडागृह आणि नाट्यगृह यांत मूलभूत भेद आहे. नाट्यगृहात प्रेक्षक एका दिशेला तोंड करून बसतो, तर क्रीडागृहात तो खेळाच्या चारही बाजूंना असतो. त्यामुळे मध्ये एकही खांब नसलेले विस्तीर्ण छप्पर ही त्याची पहिली अट ठरते. अशा जागी संगीताचा कार्यक्रम करावयाचा झाल्यास रंगमंच एका टोकाला उभारावा लागतो व त्यामागील आसने निरुपयोगी होतात. शिवाय उंच छप्पर व कठीण पृष्ठभाग यांमुळे ध्वनी घुमतो. खेळाच्या आरोळ्यांना तो पोषक असला, तरी ख्यालगायनातील बारकावे त्यात हरवतात. एकच वास्तू दोन्ही कामांसाठी वापरणे ही म्हणूनच नेहमीच एक तडजोड असते.

पूर्वपीठिका

अशा बहुउपयोगी वास्तूचा मुंबईतील जुना नमुना म्हणजे कुलाबा–फोर्ट परिसरातील सर कावसजी जहांगीर सभागृह. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार ते १९११ मध्ये बांधले गेले. पाश्चात्त्य संगीताच्या मैफली, राजकीय सभा, कामगार संघटनांच्या बैठका, मुष्टियुद्धाचे सामने, प्रदर्शने, इतकेच नव्हे तर विवाहसमारंभही त्याने पाहिले. पुढे अधिक सुसज्ज सभागृहे उपलब्ध झाल्यावर त्याचे महत्त्व ओसरले आणि १९९६ पासून तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. गिरणगावात परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगार रंगभूमीचे आश्रयस्थान होते; पुनर्विकासासाठी ते २०२३ मध्ये बंद झाले. माटुंगा–शीव भागात १९६३ मध्ये उभे राहिलेले षण्मुखानंद सभागृह १९९० मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले व १९९८ मध्ये पुन्हा सुरू झाले. सुमारे पावणेतीन हजार आसनांचे हे सभागृह संगीतासाठी उत्तम आहे, परंतु तेथे खेळ होऊ शकत नाही.

वरळीची वास्तू

वरळीचे क्रीडागृह नॅशनल स्पोर्ट्‌स क्लब ऑफ इंडिया या संस्थेचे आहे. भारतीय क्रिकेट संघटनेच्या उभारणीत अग्रेसर असलेले अँथनी डी मेलो हे या क्लबचे संस्थापक. ज्या लाला लजपतराय मार्गावर ही वास्तू आहे तो मार्ग म्हणजे जुना हॉर्नबी व्हेलार्ड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खाडी अडविण्यासाठी घातलेला बांध. बांधामुळे सुकलेल्या सखल भूमीवर पुढे घोड्यांची शर्यत आली आणि क्रीडासंस्थाही आल्या.

प्रारंभीच्या दशकांत या जागेची कीर्ती कुस्तीमुळे होती. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींच्या आठवणी जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात अजूनही येतात. दारासिंग यांनी १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ यांना पराभूत केले, तो काळ या व्यावसायिक कुस्तीच्या बहराचा होता. तिला खेळ म्हणावे की करमणूक, हा वाद तेव्हाही होता. मात्र क्रीडागृह भरण्यासाठी खेळाला नाट्याची जोड लागते, हे या कुस्तीने फार आधी सिद्ध केले, हे मान्य करावे लागेल.

कबड्डीचे छपराखाली येणे

लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी या भागांत कबड्डी हा चाळीचा आणि मंडळाचा खेळ. गिरणीची पाळी संपवून आलेला कामगार तो मातीवर, अनवाणी खेळत असे. स्पर्धा रात्री दिव्यांच्या उजेडात होत आणि प्रेक्षक गॅलरीतून, जिन्यावरून, भिंतीवर बसून सामना पाहत. तिकीट नव्हते. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या खेळाला नियम व संघटना दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कामगारवस्तीच विस्कळीत झाली आणि खेळाचा सामाजिक आधार क्षीण होत गेला.

या पार्श्वभूमीवर २६ जुलै २०१४ ही तारीख लक्षणीय ठरते. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना वरळीच्या याच क्रीडागृहात यू मुम्बा व जयपूर पिंक पँथर्स यांच्यात झाला. त्या मोसमाचा अंतिम सामनाही येथेच झाला व जयपूरने तो ३५–२४ असा जिंकला. पुढील वर्षी याच ठिकाणी यू मुम्बाने बंगळूरु बुल्सला ३६–३० असे नमवून विजेतेपद मिळविले. मातीची जागा मॅटने घेतली, अनवाणी पायांत बूट आले. दूरचित्रवाणीला हवा असलेला नियंत्रित प्रकाश आणि भर पावसाळ्यात वेळापत्रक पाळण्याची शाश्वती या दोन्ही गोष्टी छपराविना अशक्य होत्या. लीग जुलै–ऑगस्टमध्ये भरविता आली ती त्यामुळेच. गिरणगावापासून अवघ्या काही किलोमीटरवर हा खेळ तिकिटाचा झाला; त्यातून खेळाडूला प्रथमच बरे मानधन मिळाले, हेही तितकेच खरे.

ध्वनी, कायदा आणि छप्पर

छपराचे मोल वाढण्यास कायदाही कारणीभूत आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे, परंतु बंदिस्त सभागृहांना त्यातून सूट आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. धोबीतलावच्या रंगभवनात १९८० मध्ये ‘द पोलीस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने कार्यक्रम केला होता आणि जाझ यात्राही तेथेच भरे. शांतता क्षेत्राच्या अटीमुळे ते खुले प्रेक्षागार नवीन शतकाच्या पहिल्याच वर्षांत मुके झाले. शिवाजी पार्कही २०१० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र ठरले. परिणामी मोठा कार्यक्रम एक तर छपराखाली जातो किंवा बेटाबाहेर. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’चे कार्यक्रम नवी मुंबईत नेरूळच्या क्रिकेट स्टेडियमवर झाले.

गेल्या काही वर्षांत वरळीच्या घुमटाने परस्परभिन्न भूमिका बजावल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियाना पेसर्स व सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने येथे झाले आणि त्यांतील पहिला शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. काही महिन्यांतच, २०२० च्या साथीत, वरळी कोळीवाडा व परिसरात संसर्ग फैलावत असताना, याच जमिनीवर शेकडो खाटांचे उपचार केंद्र उभे राहिले. ५ जुलै २०२५ रोजी उद्धव व राज ठाकरे यांचा संयुक्त मेळावा झाला, तोही येथेच. पूर्वी अशी सभा म्हटली की शिवाजी पार्क हे समीकरण होते. जुलैच्या पावसाने आणि बदललेल्या नियमांनी ते मोडले.

मात्र ही जागा महानगरपालिकेची किंवा विद्यापीठाची नाही, ती सदस्यांच्या क्लबची आहे. भाडे परवडेल त्याला ती उपलब्ध होते. परळ–लालबागमधील मंडळांच्या कबड्डी स्पर्धा आजही मोकळ्या मैदानात होतात. मॅट तेथेही पोहोचले आहे, मात्र ते उघड्या आभाळाखाली अंथरले जाते आणि रात्री दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो.