दोन गतींची मोटर व्हीएफडीवर चालवताना

अवजार दुरुस्तीसाठी घेतलेल्या जुन्या मिलिंग यंत्राला दोन गतींची मोटर असल्यास व्हीएफडी बसविताना पुढील काळजी घ्यावी.

मोटरची जोडणी जास्त गतीवर कायम करावी. व्हीएफडी वारंवारिता बदलून गती बदलतो. चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झला मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते, २५ हर्ट्झला साधारण निम्मे. मोटर चालू असताना जुना गतिबदल स्विच फिरवल्यास व्हीएफडी जळू शकतो. म्हणून तो जोडणीतून काढावा. चालू-बंदही व्हीएफडीवरूनच करावे.

कमी वारंवारितेवर मोटरचा पंखा मंदावून मोटर तापते. जड कामासाठी पट्टा किंवा गिअर बदलूनच गती कमी करावी.

खरेदीपूर्वी मोटरच्या पाटीवरील व्होल्ट व अँपिअर अवश्य पाहावेत. २३० व्होल्ट सिंगल फेजवरचा साधा व्हीएफडी ४१५ व्होल्टची मोटर पूर्ण ताकदीने चालवू शकत नाही.