सहाव्या वर्षी येणारी दाढ

दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढी काळजी कशाला, असं अनेक घरांत म्हणतात. पण दुधाच्या २० दातांपैकी मागच्या दाढा मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत तोंडात असतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि कायमच्या दाताला वाट उरत नाही.

त्याहून सहज नजरेतून सुटते ती साधारण सहाव्या वर्षी येणारी दाढ. एकही दात न पडता ती दुधाच्या दाढांमागे गुपचूप उगवते, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्या खोल खाचांत अन्न अडकतं आणि ती लवकर किडते. दंतवैद्य या खाचा सीलंटने बुजवू शकतात. त्यासाठी दाढ नुकतीच आलेली असतानाच दाखवून घ्या.

ब्रश पहिला दात दिसताच सुरू करावा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात नीट बसलेला नसतो, तेव्हा त्यांनी घासल्यावर आई-बाबांनी एकदा ब्रश फिरवावाच. रात्रीचं घासणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांवर राहिलेल्या गोडापासून आम्ल बनत राहतं. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये, तेही याचसाठी.

घरात कुणी मिश्री लावत असेल, तर ती मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. ती तंबाखू भाजूनच केलेली असते.