पिल्लू, हा तुझा बेड!

गंगापूर रोडवर नवा फ्लॅट, पिल्लासाठी खास छोटा बेड... आणि रात्री बारा वाजता पिल्लू पुन्हा आई-बाबांच्या मधोमध! नो टेन्शन. आजीच्या गोधडीत वाढणाऱ्या मुलांना एकटं झोपायची सवय कुठून असणार? पण तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट १० ते १३ तास झोप हवी, असं डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये सांगितलंय. आणि सकाळी अंबडची शिफ्ट गाठायची, तर झोप तुम्हालाही हवीच.

फंडा सोपा आहे. आधी बेडशेजारी बसा, मग रोज थोडं दाराकडे सरका. उठून आलंच, तर न रागावता, गप्पा न मारता परत नेऊन झोपवा. दर वेळी! आणि ऑफिसातून आल्यावर अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याशी खेळा. दिवसभर न भेटलेले आई-बाबाच ते रात्री शोधत असतं.